आधी रक्त जास्त, मग रक्त कमी

‘मेंदूला रक्त कमी पडतंय. मानेचे मणके घासलेत, त्यात नस दबते.’ खानदेशात पन्नाशी ओलांडलेल्या आणि एकदा तरी भोवळ आलेल्या माणसाने हे वाक्य ऐकलेलं नाही, असं क्वचितच होतं. वाक्यासोबत चिठ्ठी येते, चिठ्ठीसोबत गोळ्या, आणि गोळ्या बहुधा वर्षानुवर्षं चालू राहतात. जळगावच्या नवी पेठेत काय किंवा धुळ्याच्या आग्रा रोडवर काय, ‘चक्करची गोळी द्या’ एवढं म्हटलं तरी औषधाच्या दुकानात काम होतं.

हे वाक्य इथलं नाही. ते अमेरिकेत १९५५च्या सुमारास आकाराला आलं, युरोपातल्या गोळ्यांबरोबर भारतात उतरलं, आणि जिथे जन्मलं तिथे त्याचा भाव पडल्यावरही इथे टिकून राहिलं. गंमत अशी की त्याच्या शंभर वर्षं आधी डॉक्टर नेमकं उलटं सांगत होते. भोवळ येते कारण मेंदूत रक्त जास्त झालंय. तेव्हा ते काढून टाका.

८ जानेवारी १८६१. पॅरिसच्या वैद्यक अकादमीपुढे प्रॉस्पर मेनियेर नावाचे एकसष्ट वर्षांचे डॉक्टर निबंध वाचायला उभे राहिले. ते मूकबधिरांच्या सरकारी संस्थेचे प्रमुख वैद्य होते. आयुष्य कानाच्या रोग्यांत गेलेलं. त्या काळी एखादा माणूस अचानक गरगरून पडला, ओकू लागला, घामाने निथळला, की निदान ठरलेलं असे: मेंदूत रक्त दाटलं, पक्षाघाताचाच हा धाकटा भाऊ. उपायही ठरलेला. शीर कापायची, जळवा लावायच्या, पोट साफ करायचं, उपाशी ठेवायचं. जळवांचा फ्रान्समध्ये इतका खप होता की १८३३ या एका वर्षात त्या देशाने बाहेरून चार कोटींहून जास्त जळवा आणवल्या होत्या.

मेनियेर यांचं म्हणणं साधं होतं. या रोग्यांच्या कानात आवाज येतो, ऐकू कमी येऊ लागतं. खरा पक्षाघात मात्र त्यांना होत नाही. मग दोष मेंदूत कशाला शोधायचा? त्यांनी एका तरुण मुलीची हकीकत सांगितली. ऐन हिवाळ्यात रात्रभर घोडागाडीच्या उघड्या टपावर बसून तिने प्रवास केला, एकाएकी ती पार बहिरी झाली, भोवळ आणि उलट्या सुरू झाल्या आणि पाचव्या दिवशी ती गेली. शवविच्छेदनात मेंदू ठीक निघाला; आतल्या कानाच्या अर्धवर्तुळाकार नळ्यांत मात्र तांबूस स्राव सापडला. त्याच नळ्या कापल्या की कबुतरं गोल गोल फिरतात, हे फ्रेंच संशोधक फ्लूराँस यांनी १८२०च्या दशकातच दाखवलं होतं. मेनियेर यांनी ही दोन टोकं जोडली. सभेत त्यांचं स्वागत थंडच झालं. पुढच्याच आठवड्यात त्रूसो यांच्यासारख्या मोठ्या वैद्याने मेंदूतल्या रक्तदाटीचं निदान सरसकट केलं जातं म्हणून झोड उठवली, तेव्हा कुठे वारं फिरू लागलं. मेनियेर पुढच्या वर्षी, १८६२च्या फेब्रुवारीत, न्यूमोनियाने वारले. त्यांचं नाव रोगाला लागलं ते नंतर.

त्याच १८६१मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि खानदेशच्या कपाशीला सोन्याचा भाव आला. जळगाव ही मोठी बाजारपेठ झाली ती त्याच चार-पाच वर्षांत. पॅरिसमधला वाद इकडे पोचायला अर्थात बराच अवकाश होता. रक्त काढणं मात्र इथेही परकं नव्हतं. सुश्रुताने जळवांचं अख्खं प्रकरण लिहून ठेवलं आहे आणि तुंबडी लावणारे गावोगाव फिरत. आयुर्वेदाने भ्रमाचं खापर मात्र रक्तावर फोडलं नाही. त्याच्या लेखी भ्रम हा वात, पित्त आणि रजोगुणाचा खेळ. निदानापुरतं बोलायचं तर पॅरिसच्या अकादमीपेक्षा हे बरं म्हणावं लागेल, कारण त्यात निदान मेंदू फुटण्याची धास्ती नव्हती.

खानदेशाला तेव्हा खरा जाच होता तो हिवतापाचा. सातपुड्याच्या पायथ्याची गावं तापाने ओस पडत, आणि तापावर क्विनाइन होतं. ते जास्त झालं की कान वाजतात, ऐकू कमी येतं, डोकं गरगरतं. म्हणजे गोऱ्या साहेबाच्या दवाखान्यातून ताप बरा करून निघालेला माणूस कधी कधी भोवळ घेऊन घरी यायचा. आणि १८७०च्या दशकात पॅरिसचे शार्को तर हेच क्विनाइन मोठ्या मात्रेत मेनियेरच्या भोवळीवर औषध म्हणून देत होते. जे कान बिघडवतं तेच पुरतं दिलं की कानाची कुरकुर थांबते, असा हिशेब. पुढे स्ट्रेप्टोमायसिनचंही हेच झालं. पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये १९६०च्या दशकात ते बनू लागलं, क्षयाचे रोगी त्यावर वाचले, त्यातल्या काहींचा तोल मात्र कायमचा गेला. आणि तिकडे परदेशी सर्जन बेफाम भोवळीच्या रोग्याला तेच औषध मुद्दाम देऊन कानातली तोलाची यंत्रणा जाळून टाकत होते.

कानाचा पक्ष निर्णायकपणे जिंकला तो व्हिएन्नात. रॉबर्ट बाराणी नावाचा तरुण डॉक्टर रोग्यांचे कान पाण्याने धूत असे. एकाने तक्रार केली की पाणी गार आहे, त्याने डोकं फिरतं. बाराणींनी गरम पाणी आणवलं, तर रोगी पुन्हा गरगरला, आणि त्याचे डोळे आता उलट दिशेला झटके देऊ लागले. पाण्याच्या तापमानाने आतल्या नळीतला द्रव हलतो, हे त्यांच्या ध्यानात आलं आणि कानाची तपासणी करायची खात्रीची रीत जगाला मिळाली. त्यासाठी १९१४चं नोबेल त्यांना जाहीर झालं तेव्हा ते युद्धात पकडले जाऊन रशियनांच्या कैदेत होते. स्वीडनच्या राजपुत्राने रदबदली केली, १९१६मध्ये सुटका झाली, मग पारितोषिक हाती आलं.

इथवर आल्यावर गोष्ट संपायला हवी होती. भोवळ म्हणजे बहुतेक वेळा कान. मग रक्त पुन्हा कुठून आलं?

ते आलं ते खऱ्या शोधातून, म्हणूनच त्याला हटवणं अवघड गेलं. १९४०च्या दशकात फिलाडेल्फियात केटी आणि श्मिट यांनी जिवंत, जाग्या माणसाच्या मेंदूतून किती रक्त वाहतं ते पहिल्यांदा मोजलं. दर मिनिटाला सुमारे पाऊण लिटर. वजनाने शरीराचा पन्नासावा हिस्सा असलेला हा अवयव हृदयाने फेकलेल्या रक्ताचा सहावा-सातवा वाटा एकटा घेतो. मग १९५५मध्ये मेयो क्लिनिकच्या मिलिकन आणि सीकर्ट यांनी एक लक्षणसमूह मांडला. मानेच्या मणक्यांतून वर चढणाऱ्या दोन धमन्या मेंदूच्या बुडाशी एक होतात. हा मार्ग अरुंद झाला की मधूनमधून रक्त अपुरं पडतं, काही मिनिटं माणसाला दोन-दोन दिसतं, जीभ जड होते, तोंड बधिर होतं, पाय लटपटतात, भोवळ येते. मग सगळं निवळतं. पुढच्या मोठ्या झटक्याची ती सूचना. निरीक्षण अचूक होतं आणि आजही ते खोटं ठरलेलं नाही.

बिघडलं ते पुढे. मेयोच्या रोग्यांत लक्षणांचा घोळका होता. वापरता वापरता घोळका गळला आणि एकटी भोवळ उरली. साठीतला माणूस गरगरतो म्हणाला की निदान तयार. १९६०च्या सुमारास मान वळवल्यावर मणक्याच्या वाढलेल्या हाडाने धमनी दबते, असे अहवाल आले. तसे रोगी आहेत, पण विरळा. मानेचा एक्स-रे मात्र स्वस्त आणि सगळीकडे मिळणारा. पन्नाशीनंतर ज्याचा काढावा त्याच्या मणक्यांत झीज दिसतेच, भोवळ असो वा नसो. डॉक्टरला कारण दाखवता आलं, रोग्याला ते काचेवर डोळ्यांनी दिसलं, गळ्याला पट्टा लागला. पुराव्याचा इतका समाधानकारक आभास वैद्यकात फार थोड्या ठिकाणी सापडतो.

भारतात मेंदूच्या आजारांचं शास्त्रशुद्ध दालन नुकतंच उघडत होतं. सुरतेत जन्मलेले नोशीर वाडिया लंडनमध्ये शिकून आले आणि १९५७पासून मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात त्यांनी न्यूरोलॉजी उभी केली. खानदेशच्या रोग्याला मोठ्या निदानासाठी रात्रीच्या गाडीने मुंबई गाठणं हाच मार्ग होता, आणि तो परवडणारे थोडे. बाकीच्यांसाठी गावचा डॉक्टर, त्याचं स्टेथोस्कोप आणि औषध कंपन्यांचे एमआर (विक्री-प्रतिनिधी) ठेवून जात ती चित्रांची पत्रकं. पत्रकात आकुंचलेली धमनी, शेजारी रुंद झालेली धमनी. आता या रुंदीकरणाची औषधं पाहू.

सर्वांत जुनं पपाव्हरिन, अफूतून १८४८मध्ये मेर्कच्या घराण्यातल्या गेओर्ग मेर्क यांनी वेगळं काढलेलं. (माळव्याची अफू ज्या रस्त्याने मुंबई बंदराकडे जाई तो आग्रा रस्ता धुळ्यावरूनच जातो, हा निव्वळ योगायोग.) मग निकोटिनिक आम्लाची भावंडं. त्यातलं झँथिनॉल निकोटिनेट आपल्याकडे कॉम्प्लामिना या नावाने माहीत होतं. ते घेतलं की तोंड, कान, मान लालबुंद, ऊन ऊन वाटतं. रक्त ‘चढल्याची’ ग्वाही रोगी स्वतःच देई. चढलं होतं ते कातडीत. मेंदूचं त्याच्याशी देणंघेणं नव्हतं.

बेल्जियमच्या पॉल यान्सेन यांच्या प्रयोगशाळेत १९५५मध्ये सिनारिझिन तयार झालं. मूळचं ते ॲलर्जीविरोधी औषधांच्या कुळातलं. रक्तवाहिन्यांच्या भिंतीत कॅल्शियम शिरू देत नाही म्हणून मेंदूच्या रक्ताभिसरणासाठी ते खपलं आणि शिवाय कानाची तोलयंत्रणा मंद करतं म्हणून बोट लागणाऱ्यांनाही लागू पडलं. खरं बळ या दुसऱ्या गुणात होतं, नाव झालं पहिल्याचं. स्टुजेरॉन या नावाने ते भारतात घरोघरी पोचलं. अमेरिकेत त्याला कधीच परवानगी मिळाली नाही.

बीटाहिस्टिनची कूळकथा आणखी रंगतदार आहे. मेयो क्लिनिकचेच बेयर्ड हॉर्टन १९४०च्या सुमारास मेनियेरच्या रोग्यांना शिरेतून हिस्टामिन देत. बीटाहिस्टिन म्हणजे त्याचं तोंडाने घेता येणारं रूप. अमेरिकेत १९६६मध्ये त्याला परवानगी मिळाली, मग ज्या अभ्यासावर ती दिली होती त्यातली माहितीच खरी नसल्याचं उघड झालं आणि काही वर्षांत परवानगी मागे घेतली गेली. त्याच सुमारास, १९७०मध्ये, हॉलंडच्या डुफार कंपनीने ते युरोपच्या बाजारात आणलं. भारतात व्हर्टिन म्हणून जे चालतं ते हेच.

हंगेरीच्या गेदेओन रिश्टर कंपनीने १९७८मध्ये व्हिनपोसेटिन आणलं, छोट्या निळ्या फुलांच्या एका युरोपी रोपातल्या द्रव्यावर प्रक्रिया करून. आपल्या अंगणातली सदाफुली त्या रोपाची जवळची नातलग. अमेरिकेत ते औषध म्हणून मान्य नाही, तरी पूरक आहाराच्या नावाखाली विकलं जातं. आणि गर्भपाताचा किंवा गर्भाला इजा होण्याचा धोका पाहून तिथल्या औषध प्रशासनाने २०१९मध्ये मूल होण्याच्या वयातल्या स्त्रियांना ते टाळायला सांगितलं.

या गोळ्या जळगाव-धुळ्याच्या आडगावी पोचल्या त्यामागे दिल्लीतला एक कायदा आहे. १९७०चा पेटंट कायदा २० एप्रिल १९७२ला अमलात आला. २००५पर्यंत औषधावर नव्हे, ते बनवायच्या रीतीवरच तेवढं पेटंट मिळे. रीत बदला आणि तेच औषध आपल्या नावाने विका. या कायद्याने गरिबाच्या हाती स्वस्त प्रतिजैविकं, स्वस्त रक्तदाबाच्या गोळ्या आल्या. त्याचे उपकार विसरता येणार नाहीत. पण त्याच दारातून एकाच द्रव्याची डझनावारी नावं आणि दोन-दोन, तीन-तीन औषधांच्या मिसळीच्या गोळ्याही आल्या. जयसुखलाल हाथी समितीने १९७५च्या अहवालात गरजेच्या औषधांची ११७ नावांची यादी दिली होती. बाजार तिच्या कितीतरी पुढे निघून गेला.

दरम्यान रुंदीकरणाच्या सिद्धान्तालाच तडा गेला होता. डेन्मार्कच्या नील्स लासेन यांनी १९५९मध्ये दाखवलं की रक्तदाब बराच वरखाली झाला तरी मेंदू आपल्या धमन्या आपणच सैल-घट्ट करून प्रवाह जवळपास सारखा राखतो. जिथे रक्त खरोखर कमी पडतंय तिथल्या धमन्या आधीच पुरत्या सैलावलेल्या असतात. वरून औषधाने सैलावतात त्या निरोगी भागाच्या, आणि आजारी भागाच्या वाट्याचं रक्त तेच ओढून घेतात. कालव्याच्या वरच्या अंगाची दारं उघडली की शेवटच्या शेताला पाणी मिळत नाही, हे गिरणा पाटाच्या टोकाला जमीन असलेल्या शेतकऱ्याला समजवावं लागणार नाही.

मग या गोळ्यांनी बरं का वाटतं? एक तर सिनारिझिन किंवा स्टेमेटिलसारखी औषधं खरोखरच गरगर दाबतात, चार दिवसांच्या तीव्र त्रासात ती द्यावीतच. दुसरं, भोवळ बहुधा आपणहून ओसरते. जर्मनीतल्या चौदा केंद्रांत मेनियेरच्या २२१ रोग्यांवर झालेला बीटाहिस्टिनचा अभ्यास २०१६मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. नऊ महिने थोडी मात्रा, मोठी मात्रा आणि नुसती पोकळ गोळी असे तीन गट. तिन्ही गटांत झटके कमी झाले, आणि तिन्हींत सारखेच. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका आढाव्यात थोडाफार उपयोग असावा असा कल निघाला, पण पुरावा कच्चा. बीटाहिस्टिनची बाजू घ्यायची तर एवढंच म्हणता येईल की ते फारसं नुकसान करत नाही.

सिनारिझिनबद्दल तेही म्हणवत नाही. अर्जेंटिनाच्या फेदेरिको मिकेली आणि सहकाऱ्यांनी १९८७मध्ये लिहिलं की सिनारिझिन आणि त्याचं भावंड फ्लुनारिझिन महिनोन्‌महिने घेणाऱ्या म्हाताऱ्यांत कंपवात दिसतो: हात थरथरतात, चाल आखडते, चेहरा निर्विकार होतो, मन खचतं. स्पेनमधूनही असेच अहवाल आले. गोळी बंद केली की बरेचसे सुधारतात, पण त्याला महिने लागतात. आणि इथे आपल्या घरांचा प्रश्न येतो. आजीचा हात थरथरतो तो वयामुळे, ती गप्प असते ती वयामुळे, असं धरून चालणाऱ्या घरात रोजच्या पाकिटातल्या त्या छोट्या गोळीकडे संशयाने कोण पाहणार?

तोवर भोवळीच्या सर्वांत मोठ्या कारणावर इलाजही सापडला होता, आणि तो औषधाचा नव्हता. कुशीवर वळलं, वर माळ्याकडे पाहिलं, गादीवरून उठलं की अर्धा-एक मिनिट घर फिरतं: ही भोवळ लंडनच्या मार्गारेट डिक्स आणि चार्ल्स हॉलपाइक यांनी १९५२मध्ये नेमकी ओळखून दाखवली. आतल्या कानात कॅल्शियमचे सूक्ष्म खडे असतात. ते सुटून तोलाच्या नळीत जाऊन बसतात. अमेरिकेत पोर्टलंडचे जॉन इप्ली यांना वाटलं, डोकं ठरावीक क्रमाने फिरवलं तर खडे परत जागेवर घरंगळत जातील. १९८०मध्ये त्यांनी हे परिषदेत दाखवलं तेव्हा लोक उठून गेले. त्यांचा निबंध परत येत राहिला. तो छापून आला १९९२मध्ये, आणि त्यानंतरही वैद्यक मंडळाकडे तक्रार झालीच. पाच मिनिटांचं काम, खर्च शून्य. आणि बहुधा म्हणूनच त्याचं पत्रक घेऊन कोणी एमआर दवाखान्यात आला नाही. धुळ्याला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय १९८८मध्ये निघालं, जळगावला २०१८मध्ये. ही कृती तिथवर पोचली ती पाठ्यपुस्तकाच्या वाटेने.

आणि ज्यांना खरंच रक्त कमी पडतं, त्यांचं काय? त्यांच्यासाठी इतिहासाने धमन्या रुंद करणारी औषधं बाजूला सारली आणि रक्त गोठू न देणारी पुढे आणली. कॅनडाच्या हेन्री बार्नेट यांच्या नेतृत्वाखाली १९७८मध्ये ५८५ रोग्यांचा अभ्यास छापून आला. क्षणिक झटके येऊन गेलेल्यांत ॲस्पिरिनने पुढचा पक्षाघात किंवा मृत्यू सुमारे तिसऱ्या हिश्शाने घटला. त्याच बार्नेट यांनी १९८५मध्ये १,३७७ रोग्यांवरून दाखवून दिलं की कवटीबाहेरची धमनी आतल्या धमनीला जोडून मेंदूचं रक्त वाढवायची नामांकित शस्त्रक्रिया पक्षाघात टाळत नाही. रक्त वाढवणं हरलं, चार पैशांची गोळी जिंकली. त्याहून मोठं काम रक्तदाब उतरवण्याने होतं. त्याचा एक आरंभ आपल्या मुंबईत आहे: रुस्तम जाल वकील यांनी १९४९मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये सर्पगंधेचे गुण मांडले. दाब कमी केला की मेंदूचं रक्त तुटेल, अशी भीती आजही घरोघर आहे. पण वर्षानुवर्षं चढलेला दाबच त्या धमन्या आतून अरुंद करत आणतो.

त्यात खानदेशचा उन्हाळा. भुसावळ-जळगावात पारा पंचेचाळिशीच्या वर जातो, रानात पाणी कमी प्यायलं जातं, सकाळी दाबाची गोळी पोटात असते; उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी. इथे एका अर्थाने मेंदूला रक्त खरंच कमी पडतं, क्षणभर. औषध आहे पाणी, मीठ आणि दाबाच्या गोळीची मात्रा डॉक्टरकडून पुन्हा तपासून घेणं. चक्करच्या गोळीने हा माणूस आणखी पेंगतो आणि पडतो.

भोवळीबरोबर दोन-दोन दिसू लागलं, बोलणं अडखळलं, तोंड वाकडं झालं, एक बाजू बधिर पडली, आधाराशिवाय उभंच राहता येईना, किंवा आयुष्यात कधी नव्हे अशी मान-डोकेदुखी उठली, तर १९५५चे मिलिकन-सीकर्ट बरोबर होते असं समजावं. गाठ विरघळवणारं इंजेक्शन १९९५च्या अभ्यासाने तीन तासांत आणि २००८च्या अभ्यासाने साडेचार तासांपर्यंत लागू ठरवलं. सातपुड्यातल्या एखाद्या पाड्यावरून किंवा शिरपूर-चोपड्याच्या पलीकडून धुळे-जळगावचं सीटी स्कॅनचं टेबल गाठायलाच त्यातले दोन-तीन तास जातात. उरलेले बहुतेक ठिकाणी घरातच जातात: गोळी दिलीय, पडू द्या थोडं, सकाळी बघू.